पेडल स्टील बेसूर होतंय? खुंट्यांआधी दुसरं टोक बघा

नागपुरातल्या मनीषनगरहून एकांनी विचारलं आहे. त्यांचे मामा टेक्सासहून कायमचे परत आले आणि येताना दहा तारांचं पेडल स्टील गिटार घेऊन आले. तीन पेडल, चार नी-लिव्हर, म्हणजे गुडघ्याने ढकलायचे दांडे. मामांचे गुडघे आता साथ देत नाहीत म्हणून वाद्य भाच्याकडे आलं. त्याचा सूर टिकत नाही. बर्डीवरच्या एका दुकानात दाखवलं तर तिथल्या माणसाने दहाही खुंट्या झिजल्याचं सांगून नव्या बसवायचा सल्ला दिला. आता प्रश्न असा, की खुंट्या कोणत्या घ्याव्यात आणि नागपुरात त्या बसवून कोण देईल?

खुंट्या सध्या घेऊ नका. तुम्ही पुढे एक ओळ लिहिली आहे, ती त्या दुकानदाराने ऐकली असती तर हा सल्ला दिलाच नसता. तुम्ही म्हणता, पाचवी तार मोकळी वाजवली तर ठीक असते, पण पहिलं पेडल दाबलं की चढलेला सूर कधी थोडा वर लागतो, कधी खाली. मोकळी तार जागेवर राहते म्हणजे तिची खुंटी आपलं काम करते आहे. दोष डाव्या हाताच्या टोकाला नाही, उजव्या टोकाला आहे. तिथे नायलॉनचे बारके षटकोनी नट असतात आणि बहुतेक करून तेच गेलेले असतात.

दुकानदाराला मी फार दोष देत नाही. गिटार मांडीवर किंवा टेबलावर आडवी ठेवून वाजवणं आपल्याकडे नवं नाही. ब्रिजभूषण काब्रांनी ती शास्त्रीय संगीतात आणली, विश्वमोहन भट्टांनी तिला तरफांच्या तारा लावल्या, आणि जुन्या ऑर्केस्ट्रांत हवाईयन गिटारवाला असायचाच. मीही त्यातलाच. दिवसा टूलरूममध्ये फिटर, रात्री लग्नाच्या स्टेजवर. पण या सगळ्या वाद्यांत सूर लावायची जागा एकच, खुंटी. पेडल स्टीलमध्ये अशा जागा दोन असतात. हे वाद्य पाहिलेली माणसं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे जो तो ओळखीच्या टोकाकडे बघतो.

यंत्रणा समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. वाद्याच्या उजव्या टोकाला चेंजर असतो. प्रत्येक तारेला एक धातूचं फिंगर, मी त्याला बोटच म्हणतो. तार त्या बोटाच्या गोल माथ्यावरून जाऊन मागे अडकते. बोट एका आडव्या दांड्यावर फिरतं. पेडल दाबलं की खालची सळई आडवा शाफ्ट फिरवते, शाफ्टवरचा बेल क्रँक लांब पुल रॉडला ओढतो, रॉडच्या टोकावरचा नायलॉन नट बोटाला धरून खेचतो आणि तार ताणली जाते. नट रॉडवर किती आत फिरवला आहे त्यावर बोट किती हलणार हे ठरतं. म्हणजे मोकळ्या तारेचा सूर खुंटीवर लागतो, तर पेडल किंवा लिव्हरने चढवलेला-उतरवलेला प्रत्येक सूर आपापल्या नायलॉन नटावर. हे सगळं ऑल-पुल पद्धतीच्या वाद्याबद्दल आहे. हल्लीची बहुतेक वाद्यं तशीच असतात. मामांचं वाद्य एमन्स कंपनीचं जुनं पुश-पुल असेल किंवा १९५७ साली आलेल्या फेंडरसारखं रॉडऐवजी केबलवर चालणारं असेल, तर इथेच थांबा आणि खालच्या बाजूचा फोटो पाठवा. त्यांचं गणित वेगळं आहे.

आता बोट हलतं तरी किती? ई-९ मेळात, म्हणजे या वाद्याच्या नेहमीच्या सूरजुळणीत, पाचवी तार बी, जाडी साधारण १७ हजारांश इंच. पहिलं पेडल तिला पूर्ण एक स्वर चढवून सी शार्पवर नेतं. तारेची लांबी २४ इंच धरून मी हिशेब केला. ताण साडेदहा किलोच्या आसपास येतो आणि एक स्वर चढवायला बोटाचा माथा पाऊण मिलिमीटरही सरकत नाही. त्या पाऊण मिलिमीटरात २०० सेंट, म्हणजे एका पूर्ण स्वराचे दोनशे भाग, बसवायचे. मग ५ सेंटची चूक म्हणजे सुमारे दीड शतांश मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याइतकी. तयार कानाला ५ सेंट कळतात. टूलरूममध्ये एवढ्या फरकासाठी आम्ही डायल लावून बसायचो. इथे तो फरक सांभाळायची जबाबदारी वाटाण्याएवढ्या प्लास्टिकच्या नटावर असते. त्याचे आटे सैल झाले तर काय होणार ते उघड आहे.

काही मागवण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. क्लिपचा नाही, केबल लावायचा ट्यूनर घ्या, कारण एकेका सेंटचा फरक दिसायला हवा. मोकळी तार लावा, पेडल दहा वेळा दाबून सोडा. चढलेला सूर दर वेळी वेगळा आणि मोकळा सूर तोच, तर नट, नाहीतर बेल क्रँकमधला रॉड धरणारा पितळी तुकडा ढिला आहे. चढवून सोडल्यावर मोकळी तार किंचित उतरलेली मिळते, पण तीच तार लिव्हरने उतरवून सोडली तर किंचित चढलेली मिळते, असं होत असेल तर दोष घर्षणाचा आहे. डावीकडे खुंट्यांजवळ प्रत्येक तार ज्या छोट्या चाकावरून जाते, त्या रोलर नटचं चाक फिरत नाही, त्यामुळे तार तिथे अडकते आणि शेवटच्या हालचालीची आठवण धरून ठेवते. उतरवून सोडल्यावर तार वर येतच नाही, खालीच राहते, तेव्हा चेंजरची परतीची स्प्रिंग बघा. आणि पेडलला हातही न लावता मोकळी तार तासाभरात उतरतच चालली, पुन्हा लावली तरी उतरते, असं झालं तरच खुंटीवर संशय घ्या. तोही तार नवी नसेल आणि खुंटीवर नीट गुंडाळलेली असेल तर.

एक फसवी गोष्ट सांगतो. ए आणि बी, म्हणजे पहिलं आणि दुसरं, दोन्ही पेडल एकदम दाबा आणि चौथी तार, ई, वाजवा. तिला ही पेडल ओढत नाहीत, तरी ट्यूनरवर ती दोन-चार सेंट उतरलेली दिसेल. दहा तारांचा मिळून सव्वाशे किलोच्या आसपास ताण असतो, त्यात पेडलचा जोर वाढला की खोकं तसूभर वाकतं. बहुतेक वाद्यांत हे थोडंफार असतंच. त्यासाठी काहीही बदलायचं नसतं.

आणि दुसरी फसवणूक आपल्या गावाची. तुम्ही मे महिन्यात वाद्य लावलं का? पोलादी तार दहा अंशांनी तापली आणि लाकडाचं खोकं तेवढ्यात हललं नाही, तर चौथी ई पंधरा-सोळा सेंट उतरते आणि पाचवी बी पंचवीसच्या वर. म्हणजे तारा सारख्या उतरत नाहीत, सगळा मेळच विस्कटतो. नवतपात दुपारी एका खोलीत लावलेलं वाद्य रात्री कूलरसमोर वाजवलं तर ते उलट दिशेने तसंच करणार. पहिल्या वर्षी मी यापायी एका आठवड्यात तीनदा सगळे नट फिरवले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, आधी कूलर तरी बंद करा." मुद्दा तिचाच बरोबर होता. जिथे वाजवायचं तिथे वाद्य तासभर आधी उघडं ठेवा आणि मगच ट्यूनर काढा. कूलरच्या झोताच्या रेषेत तर ते कधीच नको. सुरासाठी नाही, गंजासाठी. ओली हवा खालून घुसते आणि रॉड जिथे जिथे पितळेतून जातात तिथे तपकिरी कड धरते.

ही तपासणी करून नटच निघाले असं धरून पुढे जातो.

नट का जातात? तीन कारणांनी. पहिलं, फिरवून-फिरवून आटे सैल होतात. नट नायलॉनचा ठेवण्यात शहाणपण आहे. नायलॉन रॉडच्या आट्यांना घट्ट चावून बसतं, त्यामुळे वेगळा लॉकनट लागत नाही आणि वाजवण्याच्या कंपनांनी तो आपोआप फिरत नाही. ही चावण्याची ताकद गेली की सूर सरकायला लागतो. दुसरं, चुकीच्या पान्याने कोपरे गोल होतात. तिसरं वयाचं. नायलॉन हवेतली ओल शोषून घेतं आणि त्या ओलीनेच ते चिवट राहतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ती ओल उडून जाते, नट आकसतो आणि कडक होतो. तीस वर्षांचा नट मे महिन्यात फिरवलात तर तो उभा तडकू शकतो. बदलायचं काम पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आधी करा. माझ्या हातून तडकलेले सगळे नट उन्हाळ्यातले आहेत.

माप घ्या, अंदाज करू नका. षटकोनाचं बहुतेक ठिकाणी ३/१६ इंच असतं, आपल्या बाजारातलं दीड सूत. ते ४.७६ मिलिमीटर भरतं, म्हणून घरातला ५ मिलिमीटरचा पाना चालल्यासारखा वाटतो आणि नेमका तोच कोपरे खातो. बहुधा मामांच्या पेटीच्या कप्प्यात लांब दांड्याची छोटी किल्ली असेल, ती शोधा. नसेल तर इंची नट ड्रायव्हर घ्या, पातळ भिंतीचा, कारण नट एकमेकांना खेटून असतात. मी माझा इतवारीत लोहाओळीत शोधून आणला आणि बाहेरून घासून पातळ केला. दुसरं माप रॉडच्या जाडीचं, व्हर्नियरने, आटे नसलेल्या जागी. तिसरं आट्यांचं. थ्रेड गेज नसेल तर कागद आट्यांवर दाबून ठसा घ्या आणि अर्ध्या इंचात किती रेघा येतात ते मोजा. आटे इंची असतील हे गृहीत धरा, मेट्रिक नट जबरदस्तीने चढवू नका. चौथं, नटाची लांबी आणि टोकाचा आकार. काही सपाट असतात, काहींना मान असते. ही चार मापं आणि वाद्याच्या कंपनीचं नाव पाठवलं की अमेरिकेतले सुटे भाग विकणारे बरोबर नट देतात. माप न कळवता मागवल्याने एका विक्रेत्याने मला एकदा डझनभर भलतेच नट पाठवले होते. दोष माझाच.

किती लागतील? खालून बघून मोजा. ए पेडल पाचवी आणि दहावी ओढतं, बी तिसरी आणि सहावी, सी चौथी आणि पाचवी. एक लिव्हर चौथी-आठवी चढवतं, दुसरं त्याच उतरवतं. उरलेल्या दोन लिव्हरांवर साधारण दोन-दोन. म्हणजे चौदा-सोळा. वीस मागवा. नट महाग नसतो, टपाल महाग असतं.

इथे माझी एक चूक सांगतोच, कारण तुम्हीही कोणा खरादवाल्याकडे जाल आणि तो हेच सुचवेल. पहिल्यांदा मला बाहेरून नट मागवायचा कंटाळा आला. टूलरूमचा माणूस, खराद हाताशी. षटकोनी पितळी बार घेतला आणि चकचकीत नट करून लावले. दिसायला झकास, आठवडाभर सूरही उत्तम. मग पेडलगणिक बोटावर टिक-टिक ऐकू यायला लागलं, कारण धातूवर धातू. पितळेत चावण्याची ताकद नाही म्हणून नट आपोआप फिरू लागले. ते आवरायला मी आटे जरा घट्ट केले, तर दोन रॉडच्या टोकाचे आटे खराब झाले. नायलॉनचा नट झिजला तर नट जातो, धातूचा घट्ट नट रॉड घेऊन जातो. रॉड करणं हे नट करण्याच्या दसपट कटकटीचं काम आहे, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाचं वळण आणि लांबी दोन्ही जुळवावी लागतात.

बाहेरून मागवणं अगदीच जमत नसेल तर हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या खरादवाल्याकडून नायलॉनच्याच षटकोनी किंवा गोल बारमधून करून घ्या. तो डेलरिन हे दुसरं प्लास्टिक सुचवेल, कारण ते कापायला छान आणि ओल जवळजवळ घेत नाही. आपल्या हवेला ते बरं, हे खरं आहे. पण डेलरिन गुळगुळीत असतं, आट्यांवर नायलॉनइतकी पकड धरत नाही. मी दोन्ही वापरून बघितलं आणि नायलॉनवरच परत आलो. भोक रॉडच्या आट्यांपेक्षा बेताने लहान ठेवायला सांगा आणि आटे टॅपने पूर्ण पाडू नका. पहिले एक-दोन फेरे टॅपने, बाकी रॉडनेच स्वतःची वाट पाडू द्यावी. पकड तिथूनच येते. बाहेरचे काही नटसुद्धा मुळात बिनआट्याचेच येतात, ते बघून चुकीचा माल आला असं समजू नका.

बसवताना एका वेळी एकच नट. हे मी तीनदा लिहिलं असतं. सगळे काढून टेबलावर ओळीने मांडायचा मोह होतो, पण मग कोणता रॉड कोणत्या छिद्रातून येत होता ते शोधत रात्र जाते. पाय आणि पेडलचे दांडे काढून वाद्य उघड्या पेटीत उलटं ठेवा. दोन्ही टोकांना जाड चादरीच्या घड्या द्या, म्हणजे तारा आणि खुंट्या टेकणार नाहीत. त्याआधी मोबाइलवर खालचे फोटो काढा, उजेड तिरका ठेवून. चढवणारा नट कोणता आणि उतरवणारा कोणता याची ओळ पाठ करू नका. हाताने शाफ्ट फिरवा, जो हलतो तो त्याचा.

ती तार खुंटीवरून दोन-तीन फेरे सैल करा, काढायची गरज नाही. जुन्या नटाच्या बाहेर रॉडचे किती आटे दिसतात किंवा नट किती फेऱ्यांत निघतो ते मोजून लिहून ठेवा. नवा नट हाताने सरळ धरून सुरू करा. पहिला फेरा तिरका गेला तर नट वाया गेला समजा. रॉड सोबत फिरत असेल तर आतून मऊ जबड्याच्या पकडीने धरा, आट्यांवर पकड लावू नका. जुन्याइतकेच फेरे आत न्या. आट्यांवर तेल नको. ज्या घर्षणासाठी नायलॉन वापरलं तेच घालवाल.

सूर लावायचा क्रम असा: सगळ्या मोकळ्या तारा खुंट्यांवर, मग चढणारे सूर, मग उतरणारे, आणि परत मोकळ्या. पहिल्या फेरीत काहीच बसणार नाही. तीन-चार फेऱ्या धरा. नट सुराच्या खालून वर आणा, वरून खाली नको. आणि प्रत्येक नट, पेडल सोडलेलं असताना, हाताने हलवून बघा. चेंजरचं बोट आणि नट यांच्यात किंचितशी ढिलाई हवी. ती नसेल तर नट आरामातल्या बोटालाही धरून बसला आहे, आणि मोकळी तार खुंटीवर नव्हे तर नटावर लागते आहे. नवे लोक नेमकं हेच करतात. पेडलचा सूर खाली वाटला की नट पिळत जातात, मग मोकळी तार चढते, मग खुंटीने तिला उतरवतात, मग पेडलचा सूर परत चुकतो. या गोल गोल फेऱ्यात सापडलेल्या वाद्यावर "खुंट्या झिजल्या" असा शेरा हमखास बसतो. नट पूर्ण आत नेऊनही सूर पोचत नसेल तर दोष पेडलच्या थांब्याचा किंवा बेल क्रँकवरच्या छिद्राच्या निवडीचा आहे, तो वेगळा विषय.

ट्यूनरवर सगळं शून्यावर आणूनही ए-बी पेडलचा कॉर्ड कानाला खुपतो, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. तो झीज नव्हे, तो गंधार. ही दोन पेडल दाबली की ई मेजरचं ए मेजर होतं आणि सी शार्प त्याचा गंधार ठरतो. ट्यूनर दाखवतो तो गंधार ४०० सेंटवर, तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तो ३८६ वर. आपला कान दुसऱ्याचा सवयीचा. या वाद्याचे अमेरिकन वादकही ट्यूनरचं मुकाट्याने ऐकत नाहीत, गंधार दहा-चौदा सेंट खाली ठेवतात. मोकळ्या ई कॉर्डमधला जी शार्पही तसाच. तानपुरा ॲप लावा आणि नट कानाने लावा.

रोलर नटबद्दल थोडं. प्रत्येक चाकावर मार्करने ठिपका द्या आणि पेडल दाबून ठिपका सरकतो का बघा. अगदी थोडा सरकेल, पण सरकायला हवा. अडकलेलं चाक आधी धुऊन बघा. चाकाला तारेने खाच पाडली असेल किंवा ते एका जागी चपटं झालं असेल तरच बदला. चाकं वेगवेगळ्या खोलीची असू शकतात, प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे, म्हणजे सगळ्या तारांचे माथे एका पातळीत येतात. काढलेली चाकं डबीत एकत्र टाकलीत तर तारांवर सरकवायचा पोलादी बार ठेवल्यावर मधलीच तार खडखडेल. स्प्रिंग ताणलेली दिसली तर तशाच ताकदीची घ्या. जास्त कडक घातली की लिव्हर जड होतं आणि गुडघा मामांसारखा बोलायला लागतो.

धुवायचं कशाने? चेंजरमध्ये वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ मिळून काळा डिंक झालेला असतो. लायटरच्या इंधनाने तो सुटतो, पण ते पटकन पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवून, देवघर आणि गॅसपासून दूर, दुपारच्या उन्हात तर नाहीच. सुकल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने बोटांच्या दांड्यावर द्या. खरंच एक थेंब. गंज सोडवायचे फवारे तेल म्हणून वापरू नका, ते उडून जातात आणि मागे चिकटा राहतो.

तिसरी तार वरचेवर तुटते असंही तुम्ही सहज लिहिलं आहे. ती जी शार्प, ११ हजारांश जाडीची, वाद्यातली सगळ्यात बारीक, आणि बी पेडल तिला आणखी वर नेतं. पोलादाच्या मर्यादेच्या जवळच जगणारी तार आहे ती. चेंजरच्या माथ्यावर तिथे खाच पडली असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने तारेच्या दिशेने हलकेच घासा. माथ्याची गोलाई बदलू नका. त्यानंतरही ती तुटेल, फक्त जरा उशिरा. पाकिटात जास्तीच्या तीन-चार ठेवा.

आता खुंट्या, कारण तपासणीत एखादी खरोखर निघू शकते. आधी गिअर धरणारा छोटा स्क्रू आणि बुशचा नट आवळून बघा. अर्ध्या खुंट्या तेवढ्यावर सुधारतात. बटण फिरवल्यावर खांब काही काळ हलतच नाही, म्हणजे दात झिजले. अशा खुंटीवरही सूर नेहमी खालून वर आणलात तर ती बरीच वर्षं काढते. बदलायचीच असेल तर छिद्राचं माप घ्या. जुन्या पद्धतीच्या खुंट्यांना साधारण पावणेनऊ मिलिमीटरचं छिद्र असतं, बंद डबीच्या नव्यांना १० मिलिमीटरचं. लहान छिद्र मोठं करायला ड्रिल घेऊन बसू नका, जुन्या मापाच्या खुंट्या अजून मिळतात. खांबाची उंची आणि मागच्या स्क्रूची जागा जुळवा. १८:१ गिअरच्या खुंट्या १४:१ पेक्षा बारीक फिरतात, फरक हाताला जाणवतो. आणि सगळ्या दहा लागल्याच तर दहाचा सेट शोधत बसू नका. साध्या गिटारचे तीन डाव्या, तीन उजव्या असे सेट बर्डीवरही मिळतात. दोन सेट घेतले की सहा डाव्या, सहा उजव्या. आपल्याला पाच आणि पाच लागतात, दोन शिलकीत राहतात.

नागपुरात कोण बसवून देईल, याला नाव सांगता येईल असा माणूस माझ्या माहितीत नाही. पण नट बदलायला कारागीर लागतच नाही. मामांना खुर्ची देऊन शेजारी बसवा. वाकायचं काम तुमचं, पेडल दाबून "आणखी पाव फेरा" म्हणायचं काम त्यांचं. त्या वाद्याचा सूर कुठे बसायचा हे त्यांच्या कानाला अजून आठवत असेल. फोटो पाठवताना उजव्या टोकाची प्लेट सरळ समोरून घ्या, नटांच्या सगळ्या ओळी दिसतील अशी, आणि शेजारी एक पट्टी ठेवा.